मरणाऱ्या पेशीचा लाभ कोणाला?

संसर्ग झालेली पेशी मरते तेव्हा तिला जंतूने मारलेले असते, की जंतूला आसरा मिळू नये म्हणून तिने स्वतःच मरण पत्करलेले असते, या प्रश्नाभोवती गेल्या तीन दशकांतील रोगजंतुशास्त्राचा मोठा भाग फिरत राहिला आहे. पेशीचा मृत्यू म्हणजे इजेमुळे झालेला नाश, एवढीच समजूत एकेकाळी पुरेशी मानली जात असे. १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी यांनी, सुदृढ शरीरातही पेशी ठरावीक क्रमाने आक्रसत, लहान तुकड्यांत विभागत आणि आजूबाजूला दाह न पसरवता मरतात, हे दाखवून त्या प्रकाराला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. आणि मृत्यूची सामग्री प्रत्येक पेशीपाशी आधीपासूनच सज्ज असते, हे त्यानंतरच्या काळात हळूहळू स्पष्ट झाले. या सामग्रीतील मुख्य घटक म्हणजे कॅस्पेज नावाची विकरे. इतर प्रथिने ठरावीक जागी कापणारी ही विकरे एरवी निष्क्रिय असतात आणि पेशीच्या आतून किंवा बाहेरून संदेश मिळाला की एकामागून एक कार्यान्वित होतात. त्याखेरीज आणखी दोन वाटा पुढे उमगल्या. ‘पायरॉप्टोसिस’ या प्रकारात कॅस्पेज-१ किंवा कॅस्पेज-४ हे विकर गॅसडर्मिन डी या प्रथिनाचे दोन तुकडे करते, त्यांतील एक तुकडा पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडतो, आणि पेशी फुगून फुटताना दाह चेतवणारी द्रव्ये बाहेर सांडते. ‘नेक्रॉप्टोसिस’ हा प्रकार कॅस्पेज-८ निकामी झाल्यावर उपयोगी पडणारी पर्यायी वाट असून त्यातही पेशी फुटूनच मरते. रोगजंतू या सर्व वाटांवर हस्तक्षेप करतात, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो त्या हस्तक्षेपाचा अर्थ कसा लावावा याविषयी. क्षयरोगाचे रुग्ण तपासणारा एक ज्येष्ठ चिकित्सक आणि पेशीमृत्यूचा अभ्यास करणारी एक संशोधिका यांच्या पुढील संवादात त्या मतभेदाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत.

चिकित्सक : जंतू पेशी मारतात ते त्यात त्यांचा लाभ असतो म्हणून, ही गोष्ट रुग्णाच्या छातीचे क्ष-किरण चित्र पाहणाऱ्याला वेगळी सिद्ध करून दाखवावी लागत नाही. क्षयरोगात फुप्फुसात जी पोकळी पडते, ती मृत पेशींचा पांढुरका, ठिसूळ साका वितळून श्वासनलिकेत उतरल्यामुळे पडते. त्या पोकळीच्या भिंतीवर जंतू प्रचंड संख्येने वाढतात, आणि खोकल्याबरोबर ते तेथूनच हवेत जातात. म्हणजे पेशी मेल्या नाहीत, ऊतक वितळले नाही, तर या जंतूला दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याची मुख्य वाटच उरत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशात पेशीच्या मृत्यूला संरक्षण म्हणणे रुग्णांच्या अनुभवाशी विसंगत आहे.

संशोधिका : डॉक्टर, पोकळी हे आजाराच्या उत्तरार्धातले चित्र आहे, आणि त्यावरून पूर्वार्धाचा निवाडा करता येत नाही. पेशीचा मृत्यू जंतूला नेहमीच हवा असता, तर तो थांबवण्यासाठी जंतूने एवढी साधने बाळगलीच नसती. लहान मुलांच्या अतिसाराला कारण होणाऱ्या ई. कोलाय जंतूचे उदाहरण घ्यावे. हा जंतू आतड्याच्या पेशीला बाहेरून चिकटतो आणि सुईसारख्या स्रावयंत्रणेतून आपली प्रथिने तिच्या आत सोडतो. त्यांतील एनएलईबी-१ हे प्रथिन पेशीच्या मृत्युसंदेशक प्रथिनांवर नेमक्या आर्जिनिन या घटकापाशी साखरेचा एक रेणू जोडते, आणि त्यामुळे बाहेरून आलेला ‘मर’ हा संदेश आत पोहोचतच नाही. २०१३ साली दोन संशोधनगटांनी ही क्रिया स्वतंत्रपणे उलगडली. आर्जिनिनवर अशा प्रकारे साखर जोडणे ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने अतिशय असाधारण गोष्ट आहे. ज्या मृत्यूपासून जंतूला धोका नाही, तो रोखण्यासाठी असे दुर्मीळ कौशल्य उत्क्रांतीत टिकून राहिले असते, असे मानणे कठीण आहे.

चिकित्सक : मग शिगेलाचे काय? आव-रक्त पडणाऱ्या आमांशाचा हा जंतू मोजक्या संख्येने, म्हणजे दहा ते शंभर जंतूंनीही, आजार घडवू शकतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील झिक्लिन्स्की, प्रेव्हो आणि सान्सोनेत्ती यांनी १९९२ साली दाखवले, की या जंतूला गिळणाऱ्या भक्षक पेशी अल्पावधीत मरतात, आणि त्यांना मरायला लावणारा तो जंतूच असतो. ज्या पेशीचे कामच जंतू गिळून पचवणे हे, तीच मारून टाकायची आणि मोकळे व्हायचे, यात संरक्षण दिसते ते जंतूचेच.

संशोधिका : त्या प्रयोगाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही, कारण जंतू पेशीला नियोजित मृत्यूकडे लोटू शकतो याचा तो पहिल्या ठोस पुराव्यांपैकी एक होता. त्या वेळी या मृत्यूला अपॉप्टोसिस मानले गेले आणि पुढे तो पायरॉप्टोसिस असल्याचे ठरले, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण या दोन मृत्यूंचे परिणाम एकमेकांच्या उलट असतात. परंतु भक्षक पेशीतून सुटल्यानंतर शिगेला कोठे जातो, याचा विचार केला की चित्र पालटते. तो आतड्याच्या अस्तरपेशींमध्ये मागच्या बाजूने शिरतो, तेथे वाढतो आणि एका पेशीतून शेजारच्या पेशीत सरकत राहतो. हे त्याचे खरे निवासस्थान आहे, आणि तेथे तो मृत्यूच्या जवळजवळ प्रत्येक वाटेवर पहारा बसवतो.

येथे संवाद थोडा थांबवून या पहाऱ्याचे स्वरूप तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण जंतू मृत्यूचे नियंत्रण किती बारकाईने करतो याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. अस्तरपेशीतील कॅस्पेज-४ हे विकर जंतूच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड या द्रव्याला थेट ओळखते आणि पायरॉप्टोसिस सुरू करते. शिगेलाचे ओएसपीसी-३ हे प्रथिन या विकराला निकामी करते, हे २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. त्यामागची रासायनिक क्रिया २०२१ मध्ये उलगडली, ती अशी की पेशीतील एनएडी या सार्वत्रिक रेणूचा एक भाग कॅस्पेज-४ मधील आर्जिनिनवर कायमचा डकवला जातो आणि मग ते विकर गॅसडर्मिन कापू शकत नाही. याच जंतूचे आयपीएएच-७.८ हे दुसरे प्रथिन गॅसडर्मिन डी वरच नाशाची खूण लावते आणि पेशीच्या स्वतःच्या विल्हेवाट यंत्रणेकडून ते नष्ट करवून घेते. विशेष म्हणजे ते माणसाचे गॅसडर्मिन ओळखते, उंदराचे ओळखत नाही. याखेरीज ओएसपीसी-१ हे प्रथिन कॅस्पेज-८ ला अडवून अपॉप्टोसिस रोखते. परंतु कॅस्पेज-८ अडले की पेशी नेक्रॉप्टोसिसच्या पर्यायी वाटेला लागते, आणि म्हणून जंतूपाशी ओएसपीडी-३ हे आणखी एक प्रथिन असते, जे त्या वाटेवरील प्रथिनांचेच तुकडे करते. एक वाट बंद झाली तर दुसरी उघडावी अशी तजवीज पेशीने केलेली आहे, आणि दुसरी उघडताच तीही बंद करावी अशी तजवीज जंतूने केलेली आहे. या परस्परांना दिलेल्या उत्तरांच्या लांबलचक साखळीमागे दोन्ही बाजूंच्या उत्क्रांतीचा किती प्रदीर्घ काळ आहे, याची कल्पनाही थक्क करणारी आहे.

चिकित्सक : हा तपशील मान्य केला, तरी त्यावरून जंतू काय करतो एवढेच कळते, त्याने तसे केले नाही तर रुग्णाचा बचाव होतो, हे कळत नाही. चंचुपात्रातील पेशी आणि माणसाचे आतडे यांत अंतर असते.

संशोधिका : त्यासाठी उंदराचा पुरावा पाहावा लागेल. शिगेलाचा अभ्यास दीर्घकाळ रखडला तो उंदराला हा आमांश तोंडावाटे होतच नसे म्हणून. २०२० मध्ये असे दाखवले गेले, की जंतूच्या स्रावयंत्रणेची प्रथिने ओळखून इन्फ्लमासोम जुळवणारी, म्हणजे कॅस्पेज-१ ला जागे करणारा प्रथिनसमूह उभा करणारी यंत्रणा काढून टाकली, तर उंदरालाही माणसासारखाच आमांश होतो. याचा अर्थ असा, की उंदराच्या आतड्यातील संसर्गित अस्तरपेशी वेळेवर मरून आतड्याच्या पोकळीत ढकलल्या जात होत्या, आणि जंतू त्यांच्याबरोबर बाहेर पडत होता. गावात आग लागली असता ती पुढे सरकू नये म्हणून मधले छप्पर उतरवून टाकावे, तसा हा प्रकार आहे. छपराचे नुकसान होते, पण ते नुकसान आगीने केलेले नसते.

चिकित्सक : उपमा समर्पक आहे, परंतु छप्पर उतरवणाऱ्याचा अंदाज चुकला तर गावच उजाड होते, हेही तिच्यातच आले. मरणाऱ्या भक्षक पेशीतून दाहजनक द्रव्ये बाहेर पडतात, त्यांच्यामागे रक्तातील न्यूट्रोफिल पेशींची झुंबड येते, त्या अस्तर फाडून आत घुसतात, आणि फाटलेल्या जागेतून आणखी जंतू शिरतात. आमांशाच्या रुग्णाच्या शौचात जे रक्त दिसते, त्याला जंतूइतकाच हा प्रतिसाद कारण असतो. शेवटी न्यूट्रोफिल जंतूंना मारतात हे खरे. पण दुर्बळ बालक तोपर्यंत टिकेल की नाही, हा प्रश्न दवाखान्यात प्रत्यक्ष उभा असतो.

संशोधिका : तो प्रश्न खरा आहे, आणि त्याला पेशीशास्त्राने कधीच पुरेसे उत्तर दिलेले नाही. मात्र मृत्यूचा आरंभ कोणी केला, याविषयी घाई करू नये, असे यर्सिनिया या जंतुकुलाकडे पाहून म्हणावेसे वाटते. १८९६ साली मुंबईत हाहाकार माजवणारा प्लेगचा जंतू याच कुलातला. या कुलातील जंतूंचे वायओपीजे हे प्रथिन पेशीचे दाहसंदेश बंद पाडते, आणि तसे होताच भक्षक पेशी मरते. अनेक वर्षे हे जंतूने पेशीला मारण्याचे उदाहरण मानले गेले. परंतु या कुलातील दुसऱ्या एका जंतूचा संसर्ग उंदरांना करून पाहिला असता असे दिसले, की ज्या उंदरांमध्ये हा मृत्यू घडवणारे आरआयपीके-१ हे विकर निष्प्रभ केलेले होते, ते संसर्गाला अधिक सहज बळी पडले. संदेशमार्ग बंद पडणे हीच पेशीने संकटाची खूण मानलेली असते. जंतूला तिला गप्प करायचे होते, आणि गप्प केल्यामुळेच ती मरून इतरांना सावध करते.

चिकित्सक : आणि तरीही प्लेगने मुंबईत माणसे मेलीच.

संशोधिका : मेली, कारण प्लेगच्या जंतूपाशी याहून वेगळीही युक्ती आहे. माणसाच्या शरीराच्या तापमानाला तो आपल्या लिपोपॉलिसॅकराइडची घडण अशी बदलतो, की त्याला ओळखणाऱ्या यंत्रणेला त्याची चाहूल क्षीणपणेच लागते. जेथे धोक्याची खूणच मिळत नाही, तेथे मरण्याचा निर्णय होणार तरी कसा? पेशीच्या आत्मत्यागाची परंपरा मात्र या सर्वांहून जुनी आहे. २०२२ मध्ये खुद्द जीवाणूंमध्ये गॅसडर्मिन सापडले असून, विषाणूने ग्रासलेला जीवाणू त्याच्या साहाय्याने स्वतःच्या आवरणाला छिद्रे पाडून मरतो आणि वसाहतीतील इतरांना वाचवतो. या यंत्रणेचे मूळ प्रयोजन संरक्षण हेच होते, असे यावरून म्हणता येते.

चिकित्सक : मूळ प्रयोजनावरून आजचा उपयोग ठरत नाही, बाई. शरीरात संरक्षणासाठी निर्माण झालेल्या किती गोष्टी पुढे जंतूंच्या कामी आल्या! क्षयाच्या जंतूकडे परत यावे लागेल, कारण तेथे हा प्रश्न सर्वांत अवघड होतो. बीसीजी लस ज्या जंतूपासून तयार झाली, त्याने १९०८ ते १९२१ या तेरा वर्षांत, २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवला जात असताना, आपल्या जनुकसामग्रीचा एक भाग गमावला. ईएसएक्स-१ ही स्रावयंत्रणा त्या गमावलेल्या भागावर अवलंबून होती, आणि भक्षक पेशीच्या आतले कप्पे फोडून तिचा नाश घडवण्याचे सामर्थ्य मुख्यतः या यंत्रणेतच होते. पेशी फोडण्याची क्षमता गेली आणि जंतू निरुपद्रवी झाला, यापेक्षा थेट पुरावा कोणता हवा? शिवाय २०१७ मधील अभ्यासांनी असे दाखवले, की क्षयाचा जंतू मृत भक्षक पेशीच्या अवशेषांत जिवंत पेशीपेक्षाही जोमाने वाढतो, आणि ते अवशेष गिळायला येणारी पुढची पेशीही त्याच गतीला जाते.

संशोधिका : त्याच जंतूविषयीचा दुसरा पुरावा असा, की फुप्फुसातील भक्षक पेशींमध्ये एच३७आरव्ही हा उग्र वाण एच३७आरए या सौम्य वाणापेक्षा कमी अपॉप्टोसिस घडवतो, हे २००० साली नोंदले गेले, आणि २००७ मध्ये जंतूचे एनयूओजी हे जनुक काढून टाकल्यावर भक्षक पेशी अधिक प्रमाणात अपॉप्टोसिसने मरू लागल्या आणि उंदरांमध्ये जंतूची उग्रता घटली. अपॉप्टोसिसने मरणारी पेशी जंतूला आपल्या आवरणातच बांधून ठेवते, आणि दुसरी भक्षक पेशी ती पुडी गिळते तेव्हा आतला जंतूही बहुधा मरतो. उलट पेशी फुटून मेली, तर जंतू मोकळा होतो. क्षयाचा जंतू पहिला मृत्यू अडवतो आणि दुसरा घडवून आणतो. त्यासाठी एनएडी नष्ट करणारे एक विषही त्याच्यापाशी असते. तेव्हा डॉक्टर ज्या मृत्यूविषयी बोलत आहेत आणि पेशीशास्त्र ज्याला संरक्षण म्हणते, ते दोन वेगळे मृत्यू आहेत.

या ठिकाणी दोन्ही पक्ष जवळ आल्यासारखे वाटतात, आणि अनेक पाठ्यपुस्तकांत चर्चा येथेच संपते: अपॉप्टोसिस हितकर, फुटून मरणे अहितकर. ही विभागणी सोयीची आहे, पण ती पुरेशी नाही. शिगेलाच्या बाबतीत अस्तरपेशीचा पायरॉप्टोसिस हितकर ठरतो, हे वर आलेच आहे. क्षयाच्या बाबतीतही, जंतूचे पीटीपीबी हे प्रथिन गॅसडर्मिनची छिद्रे पडू नयेत म्हणून पेशीच्या आवरणात फेरफार करते, असे २०२२ मध्ये दिसून आले. म्हणजे फुटून मरण्याचा हा एक प्रकार तरी या जंतूलाही नको असतो. आणि अपॉप्टोसिसची बाजूही एकसंध नाही.

चिकित्सक : पारदर्शक झेब्रा माशांच्या अळ्यांवरील ललिता रामकृष्णन यांचे काम येथे विसरता येणार नाही. क्षयजंतूचाच नातलग असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम त्या अळ्यांत सोडल्यावर, अपॉप्टोसिसने मरणाऱ्या भक्षक पेशी गिळण्यासाठी नव्या पेशी येतात, त्यांनाही संसर्ग होतो, आणि क्षयगाठ वाढत जाते, हे २००९ मध्ये जिवंत माशात पाहण्यात आले. संरक्षक म्हटलेल्या मृत्यूनेच संसर्गाला नवी घरे पुरवली.

संशोधिका : संसर्गाच्या आरंभी, पेशी पुरेशा प्रशिक्षित नसताना, तसे घडते हे मान्य करायला हवे, आणि उंदरांतील निष्कर्ष आणि माशांतील निष्कर्ष यांचा पूर्ण मेळ अद्याप बसलेला नाही. परंतु त्याच प्रयोगशाळेने पुढे जे दाखवले ते उपचारांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. टीएनएफ हे दाहसंदेशक द्रव्य कमी पडले, तर भक्षक पेशीत जंतू अनिर्बंध वाढतात आणि ती फुटते. ते अति झाले, तर पेशी आपल्या मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाकेंद्रांत विघातक ऑक्सिजन रेणू निर्माण करून जंतूंना मारते खरी, पण त्याच भरात स्वतःही फुटते. दोन्ही टोकांना शेवट एकच, कारणे मात्र विरुद्ध.

चिकित्सक : म्हणजे एका रुग्णाला दाह कमी करणारे औषध तारक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकते. क्षयजन्य मेंदूज्वरात याचे महत्त्व फार मोठे आहे. व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांवरील चाचणीत, २००४ साली, डेक्सामेथासोन दिलेल्यांतील मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले, आणि त्या रुग्णांच्या जनुकांचा नंतर अभ्यास केला असता, अति दाहाकडे झुकणाऱ्या जनुकप्रकाराच्या रुग्णांना त्या औषधाचा लाभ अधिक झाल्याचे दिसले. इंडोनेशियातील रुग्णांत मात्र हा संबंध आढळला नाही. उपचार करणाऱ्याने यांतून काय निवडावे?

संशोधिका : निवड करण्यापूर्वी मृत्यूचा प्रकार ओळखावा लागेल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादनासाठी हाती घेतलेली व्हीपीएम१००२ ही सुधारित बीसीजी लस याच विचारावर उभी आहे. तिच्यातील जंतूचे यूरिएज तयार करणारे जनुक काढून लिस्टेरिओलायसिन या छिद्रकारी प्रथिनाचे जनुक घातले आहे, जेणेकरून भक्षक पेशीतील कप्पा झिरपावा, पेशी अपॉप्टोसिसने मरावी आणि जंतूचे अंश टी-पेशींपुढे अधिक प्रभावीपणे मांडले जावेत. मृत्यू टाळण्याऐवजी मृत्यूचे रूप निवडण्याचा हा प्रयत्न आहे. दुसऱ्या बाजूने, लोहामुळे मेद-रेणूंचा ऑक्सिडीकरणाने ऱ्हास होऊन पेशी मरते तो ‘फेरॉप्टोसिस’ हा प्रकार क्षयग्रस्त उंदरांत रोखला असता फुप्फुसाची हानी आणि जंतूंची संख्या दोन्ही घटली, हे २०१९ मध्ये दिसले आहे.

चिकित्सक : लस ही निरोगी माणसासाठी असते. सहा महिने औषधे घेऊन ज्याच्या थुंकीतून जंतू नाहीसे झाले, पण ज्याचे अर्धे फुप्फुस चट्टे पडून निकामी झाले, आणि जो जिना चढताना थांबतो, त्याला कागदोपत्री बरा झालेला म्हणतात. त्याच्या पेशी कोणत्या वाटेने मेल्या हे सांगणारी कोणतीही तपासणी आज दवाखान्यात उपलब्ध नाही. मासा पारदर्शक असतो, माणूस नसतो.

संशोधिका : म्हणूनच औषधचाचण्यांमध्ये थुंकीबरोबर श्वसनक्षमताही मोजली गेली पाहिजे, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यांत कापले गेलेले गॅसडर्मिन, सक्रिय झालेले कॅस्पेज-३ आणि ऱ्हास पावलेले मेद कोठे कोठे आढळतात, याचे नकाशे तयार झाले पाहिजेत. एकाच गाठीच्या मध्यभागी एक मृत्यू आणि कडेला दुसरा, असे चित्र मिळण्याची शक्यता मोठी आहे.

चिकित्सक : ते तुकडे बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या, जुनाट आजाराच्या रुग्णांचे असतात, आणि नव्या रुग्णाच्या फुप्फुसात पहिल्या महिन्यात काय चालते ते त्यांतून दिसणार नाही. तरीही तुकडे जपून ठेवण्याची व्यवस्था आजच झाली पाहिजे, कारण एकदा फॉर्मेलिनमध्ये टाकल्यावर त्यांतील बरीचशी माहिती कायमची हातची जाते.